केस पेपर, कॅशलेस आणि दर दोन तासांची कूस

लकवा आलेल्या माणसाला घेऊन कॅज्युअल्टीत शिरलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "शेवटचे नीट कधी होते?" त्यांना घड्याळातली वेळ हवी असते, "मघाशी" म्हणून भागत नाही. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजतात. सकाळी सहाला उठले तेव्हा तोंड वाकडं होतं, तर वेळ सहाची धरत नाहीत, रात्री झोपले ती धरतात. मध्ये दोन वाजता पाणी प्यायला उठून नीट बोलले असतील तर ते आवर्जून सांगा, कारण तेवढ्यावर इंजेक्शन मिळेल की नाही हे ठरू शकतं. मोठी नस बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढतात. निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंतही करतात, पण ती सोय असलेली हॉस्पिटलं मोजकी आहेत. म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे थांबून "बघू जरा" करण्यापेक्षा ज्या हॉस्पिटलात रात्रीसुद्धा सीटी स्कॅन चालतो तिथेच गाडी न्यावी. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात ते इंजेक्शन दिलं तर घात होतो. डोस वजनावर असतो, म्हणून वजनही विचारतात. अंदाजे का होईना, किलोत सांगा.

दुसरा प्रश्न साधा वाटतो आणि पुढे तोच महागात पडतो.

"बीपी किती वर्षांपासून आहे?"

"असेल हो, दहा-बारा वर्षं."

ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर केस पेपरवर लिहितो, 'रक्तदाब, बारा वर्षांपासून'. त्याच्या दृष्टीने हे उपचाराला पुरेसं आहे. विमा कंपनीच्या दृष्टीने मात्र तो पुरावा झाला. पॉलिसी सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेली नसेल, तीन-चार वर्षांचीच असेल आणि प्रपोजल फॉर्मवर (पॉलिसी घेतानाच्या अर्जावर) रक्तदाबापुढे 'नाही' अशी खूण असेल, तर आजार लपवला म्हणून क्लेम नाकारायला ही एक ओळ पुरते. खरं तर बारा वर्षांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत एकदा वर-खाली दिसलेलं असतं आणि गोळी सुरू होऊन दोनच वर्षं झालेली असतात. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं ते 'असेल हो' पुढे सगळीकडे उतरत जातं. आधी आयसीयूच्या नोट्समध्ये, मग प्री-ऑथच्या (विमा कंपनीकडे आगाऊ मंजुरी मागण्याच्या) फॉर्मवर, शेवटी डिस्चार्ज समरीत.

खोटं सांगा असं मी म्हणत नाही. खोटं सांगणं उपचारालाही वाईट आणि क्लेमलाही. पण गोळी कधी सुरू झाली हे माहीत असेल तर तेवढंच नेमकं सांगा, आणि माहीत नसेल तर "नक्की माहीत नाही, जुनी चिठ्ठी आणून दाखवते" म्हणा. दारूचंही तसंच. कुणाच्या लग्नात वर्षातून एकदा घेणाऱ्याला 'अधूनमधून घेतात' असं लिहिलं गेलं की त्यावरून क्वेरी (कंपनीची विचारणा) येते. दुसऱ्या दिवशी केस पेपर वाचायला मागा. चुकीचं लिहिलं असेल तर पहिली चिठ्ठी दाखवून डॉक्टरांकडून खाली तारीख, वेळ आणि सहीसकट दुरुस्तीची नोंद करून घ्या, किंवा लेटरहेडवर दाखला घ्या. खाडाखोड करू देऊ नका. खोडलेला आकडा जुन्या आकड्यापेक्षा जास्त संशय ओढवतो.

इथे नियम माहीत असलेला बरा. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे (पूर्वी चार होता), आणि पॉलिसी सलग साठ महिने चालू असेल तर माहिती लपवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच नाकारता येतो. हा काळ पूर्वी आठ वर्षांचा होता. दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलं असेल तर आधीची वर्षंही धरली जातात, म्हणून जुन्या पॉलिसींचे कागद रद्दीत घालू नयेत.

टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातल्या विम्याच्या काउंटरवर) पॉलिसीची प्रत किंवा ई-कार्ड, रुग्णाचं आणि प्रपोजरचं (पॉलिसी ज्याने घेतली त्याचं) आधार, पॅन आणि सही केलेला प्री-ऑथ फॉर्म लागतो. फॉर्मचा अर्धा भाग डॉक्टर भरतात. निदान, लक्षणं कधीपासून, अंदाजे खर्च, बाकीचे आजार. त्यांनी काय लिहिलं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तातडीच्या भरतीची सूचना बहुतेक पॉलिसींत चोवीस तासांच्या आत द्यायची असते. हॉस्पिटल देतंच, तरी स्वतः कंपनीला फोन करून इंटिमेशन नंबर घ्या. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय तासाभरात व्हायला हवा. होतो तो बहुधा अर्धवट. पाच लाखांच्या अंदाजावर पहिली मंजुरी पन्नास हजारांची येते आणि बाकी 'एन्हान्समेंट'ने, म्हणजे वाढीव मंजुरीने, टप्प्याटप्प्याने. हे नेहमीचं आहे, घाबरू नये. पण दर दोन दिवसांनी डेस्कवर जाऊन विचारायचं, "आत्तापर्यंत बिल किती, मंजूर किती, आणि पुढची रिक्वेस्ट गेली का?"

क्वेरी नावाचा प्रकार सगळ्यात जास्त वेळ खातो. कंपनी प्रश्न विचारते हॉस्पिटलला, त्याचं उत्तर द्यायचं असतं डॉक्टरांनी, डॉक्टर असतात ओटीत, आणि डेस्कवरचा मुलगा तुम्हाला सांगतो, "मॅडम, फाइल अंडर प्रोसेस आहे." याचा अर्थ बहुतेक वेळा 'प्रिंट इथेच पडलीये' असा असतो. क्वेरीची प्रत मागून घ्यायची, ती घेऊन स्वतः वॉर्डात जायचं, निवासी डॉक्टरांकडून उत्तर लिहून घ्यायचं आणि डेस्कवर पाठवलेलं दाखवायला सांगायचं. एक माणूस आयसीयूच्या दारात आणि एक या कामावर, अशी निदान दोन माणसं लागतात. एकटीने दोन्ही होत नाही. भाऊ, दीर, शेजारचा कॉलेजातला मुलगा, कुणालाही धरा.

आयसीयूतून वॉर्डात हलवताना विचारतात, "सेमी-प्रायव्हेट देऊ का सिंगल?" इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का असेल आणि विमा पाच लाखांचा, तर मर्यादा ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. पण कंपनी पाचाला आठाने भागते आणि खोलीच्या श्रेणीप्रमाणे वाढणाऱ्या बाकीच्या खर्चालाही तेच प्रमाण लावते. डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग आणि प्रोसिजरचे चार्जेस मिळून १,६०,००० झाले असतील तर मंजूर होतात एक लाख. साठ हजार खिशातून, शिवाय रोजचे तीन हजार वेगळे. औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. कपातीच्या तक्त्यात ती लावलेली दिसली तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या. नव्या पॉलिसींत बऱ्याचदा खोलीवर मर्यादा नसते, तरी शेड्युलचं पान आधी वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

हातमोजे, मास्क, डायपर अशा अडुसष्ट वस्तूंची एक ठरलेली यादी आहे, ज्यांचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. लकव्याच्या रुग्णाला डायपर दिवसाला चार-पाच लागतात, ते बाहेरून पॅकमध्ये आणले तर स्वस्त पडतात. फार्मसीकडे रोज एक चक्कर मारा. आयसीयूत इंडेंट (मागणी) होऊन वर गेलेली आणि न वापरलेली इंजेक्शनं परत करता येतात, त्याची क्रेडिट नोट बिलात लागली का ते बघा. डिस्चार्जच्या दिवशी हे काम होत नाही.

डिस्चार्जचं म्हणाल तर कंपनीला अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मुदत आहे, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने वाढीव आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा, असा नियम आहे. पण हे तीन तास हॉस्पिटलची विनंती कंपनीला पोचल्यापासून सुरू होतात. राउंडला नऊ वाजता "आज घरी जा" म्हणतात, समरी टाइप होते एकला, फार्मसीचं क्लिअरन्स अडीचला, बिल बंद होतं चारला, आणि मेल जातो साडेचारला. अँब्युलन्स सकाळची सांगितली तर दिवसभराचं वेटिंग भरावं लागतं. आदल्या संध्याकाळी समरीचा मसुदा मागून वाचून काढावा. नाव पॉलिसीतल्यासारखंच आहे का, भरतीची तारीख-वेळ, कुठली बाजू गेली, रक्तदाबाची वर्षं, आणि घरी काय लागणार: फिजिओथेरपी, नाकातली नळी, पुढच्या तपासण्या. हे शेवटचं वाक्य समरीत लेखी असलं तरच पुढच्या साठ किंवा नव्वद दिवसांचा खर्च मागता येतो. स्टेंट किंवा गुठळी ओढायचं उपकरण वापरलं असेल तर त्याची स्टिकरं फाइलला लागलेली हवीत. डिपॉझिट भरलेलं असेल तर त्याची पावती दाखवून परतावा त्याच दिवशी मागा.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम बुडाला असं नसतं. बिल भरून, मूळ कागद जोडून परतफेड मागता येते. मूळ डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल आणि पावत्या, प्रत्येक औषधाच्या बिलाला त्याची चिठ्ठी, सगळे रिपोर्ट आणि सीटी-एमआरआयच्या फिल्म, क्लेम फॉर्मचा अ भाग आपला आणि ब भाग हॉस्पिटलच्या शिक्क्याचा, रद्द केलेला चेक. मुदत पॉलिसीत असते, साधारण पंधरा ते तीस दिवस. देण्याआधी एकूण एक कागदाची झेरॉक्स किंवा स्कॅन, आणि स्वतःच्या प्रतीवर पोच. पान क्रमांक घालून द्या, मग "कागद मिळाला नाही" म्हणणं त्यांना जड जातं.

परतफेडही नाकारली तर पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम असायला हवं, नसेल तर ते मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, सोबत 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा (फोन १५५२५५). महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, आपल्या पत्त्यावरून कुठलं ते ठरतं. फी नाही, वकील चालत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे घेतात, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. निकाल लागला की कंपनीला तो तीस दिवसांत पाळावा लागतो, नाहीतर दिवसाला पाच हजार रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. या सगळ्याला आतले केस पेपर लागतात. ते मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. अर्ज दिल्यापासून बहात्तर तासांत प्रत मिळायला हवी, आणि डॉक्टरांनी ती कागदपत्रं निदान तीन वर्षं जपायची असतात. तोंडी मागू नका, अर्ज देऊन पोच घ्या.

विमा नाही किंवा संपला, तर भरतीच्या दिवशीच आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलातल्या माणसाला) गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्ड आणि आधारवर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, पण हॉस्पिटल योजनेत हवं आणि आजाराचं पॅकेज यादीत हवं. आधी पैसे भरायचे आणि मग योजनेतून परत मागायचे, असं तिथे चालत नाही. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर धर्मादाय योजनेखाली दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जायचं. दर्शनी बोर्डावर त्या खाटा 'भरलेल्या' दिसतील. तरी अर्ज लेखी द्या.

घरी आणायच्या आदल्या दिवशीच सर्जिकलच्या दुकानातून डोक्याकडून वर होणारी कॉट आणि एअर मॅट्रेस भाड्याने आणून लावून ठेवा. विकत घेण्याची घाई नको. मॅट्रेसचा पंप रात्रभर घरघरतो, आणि लाइट गेली की गादी बसते. हवा खूप कडक भरली तर तिचा उपयोगच राहत नाही. रुग्णाच्या माकडहाडाखाली, गादीच्या तळाशी हात घालून बघायचं: अंग हाताला टेकायला नको आणि दगडासारखंही लागायला नको.

मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलायची नाही, असं मात्र नसतं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून तिरकं, दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटरीखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट उचलल्यावर तिथे पांढरं न होता लालच राहिलं तर तो शय्याव्रणाचा आरंभ. त्याच्यावर चोळायचं नाही, तेल-पावडरही नाही, रबरी रिंगही नाही. त्या बाजूवर झोपवणं बंद.

नाकातल्या नळीचं शिक्षण सिस्टरकडून वॉर्डातच घ्या, स्वतःच्या हाताने दोन फीड देऊन. आम्हाला लिहून दिलं होतं ते सकाळी सहा ते रात्री दहा, दर दोन तासांनी २०० मिली. डोकं ३० ते ४५ अंश वर. आधी नाकापाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का ते बघायचं, मग सिरिंजने हलकेच ओढायचं. मागचं फीड बरंच परत आलं तर पुढचं थांबवायचं. नळी चिमटीत दाबूनच बूच उघडायचं, म्हणजे हवा जात नाही. ५० मिलीच्या सिरिंजचा दांडा काढून ती वर धरायची आणि फीड आपलं आपण उतरू द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं लागतात. दाबून ढकललं की उलटी होते आणि ती फुप्फुसात जाते. शेवटी ५० मिली पाणी, आणि नंतर तासभर आडवं करायचं नाही. पेज, डाळीचं पाणी, ताक, डाएटिशियनने दिलेली पावडर, सगळं पंचातून दोनदा गाळून. फोडणीतली एक मोहरी नळी बंद करायला पुरते. नळी तुंबली तर कोमट पाणी, सावकाश. तार घालायची नाही. गोळ्या बारीक कुटून वेगवेगळ्या द्यायच्या, पण पँटोप्राझोलसारख्या लेप असलेल्या आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटत नाहीत. प्रत्येक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून पाकिटावर पेनाने लिहून ठेवा. नळी निघाली तर आपण परत घालायची नाही. आणि "एक चमचा चहा द्या हो, किती दिवस झाले" म्हणणाऱ्या पाहुण्यांना नम्रपणे दारापाशीच थांबवा. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने थेंबही नाही.

डावी बाजू गेली असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. तोंडाने खायला लागल्यावर ताटातला उजवा अर्धा भात संपतो आणि डावीकडची भाजी तशीच राहते. चिडू नये, डोळे शाबूत असतात, मेंदूला ती बाजू जाणवत नाही. बोलताना डावीकडे उभं राहायचं, वाटी डावीकडे सरकवून हात धरून दाखवायची. कपडे घालताना लुळ्या हाताला ओढून उठवायचं नाही, खांदा सांध्यातून उतरतो.

रुग्णाचं करणाऱ्या मावशी किंवा मामा ब्युरोकडून बारा किंवा चोवीस तासांचे मिळतात. त्यांचे पैसे विम्यात बसत नाहीत. फिजिओथेरपीचे बऱ्याच पॉलिसींत बसतात, पण डॉक्टरांची चिठ्ठी, किती सेशन ते, आणि नोंदणी क्रमांक असलेलं बिल हवं. कोऱ्या कागदावर 'फिजिओ ३०,०००' असं लिहून आणलं तर मिळत नाहीत.

बँकेचं कुणी आधी सांगत नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर खातं, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि सही करणारा हात लुळा. माणूस शुद्धीवर असेल तर अंगठ्यावर पैसे काढता येतात. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी, आणि ते घरी यायला तयार होतात, मॅनेजरला लेखी विनंती द्यावी लागते. बेशुद्ध असेल तर बायको म्हणून आपोआप काहीच हक्क मिळत नाही. हायकोर्टात रिट करून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते, मुंबई उच्च न्यायालयाने तसे आदेश दिलेले आहेत.

आणि पॉलिसीचा हप्ता याच खात्यातून ऑटो-डेबिटने जात असतो. खातं रिकामं झालं की तो परत जातो, आणि त्याचा मेसेज येतो बंद पडलेल्या फोनवर. वार्षिक हप्ता तारखेनंतर तीस दिवसांपर्यंत भरायची सवलत असते. क्लेम झाला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही, पण खंड पडला तर ते साठ महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. रिन्यूअलची तारीख मी औषधांच्या तक्त्यावरच लिहिली आहे, रात्री दोनच्या कुशीच्या रकान्याशेजारी.